दोन भावांचं एकच गाऱ्हाणं

२०२४ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मी लेखक झालो आणि अकरा दिवसांनी निवृत्त झालो.

माझं शिक्षण चौथी. चौथीत मी दोनदा बसलो, म्हणजे खरं तर पाच वर्षं शिकलो. पण सरकार ते पाचवं वर्ष धरत नाही. असो! लेखक होण्याची हौस मला नव्हती. माझ्या सुनेने ती लावली.

सून सायली. चिपळूणची मुलगी, बी.ए. झालेली. सकाळी भाकऱ्या झाल्या की पडवीतल्या टेबलाशी बसते आणि लॅपटॉपवर बोटं बडवते. पहिली दोन वर्षं मला वाटे, पोरगी अजून कसला तरी अभ्यास करतेय आणि सारखी नापास होतेय. (आमच्या घराण्याला ते नवीन नाही.) एक दिवस घरात नवा फ्रीज आला. मी विचारलं, "हा कोणी पाठवला?"

"मीच घेतला, आबा. लिहिण्याच्या पैशातून."

"काय लिहितेस गो तू एवढं?"

"समुद्रावरच्या एका हॉटेलची माहिती. एका मसालेवाल्याची जाहिरात. कोणाला हवं ते, ज्याचं त्याला लिहून द्यायचं. फ्रीलान्स म्हणतात."

"त्या हॉटेलात गेली होतीस?"

"नाही."

"मग न बघितलेल्या गोष्टीवर लिहितेस?"

"नीट विचारून घेतलं की लिहिता येतं."

मी हसलो. म्हटलं, "एवढंच असेल तर मी तुझ्यापेक्षा मोठा लेखक! मी देव बघितलेला नाही, पण चाळीस वर्षं त्याच्याशी बोलतोय!"

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या वाडीत शिमग्याला देवाची पालखी घराघरांत येते. अंगणात पालखी बसली की घरचा कर्ता माणूस पुढे होऊन गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घराचं सुखदुःख देवाला मोठ्याने सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणतात. एकदा का व्हय म्हाराजा झालं की ते वाक्य पक्कं. कोर्टातला शब्द फिरवता येतो, हा नाही. आणि गाऱ्हाणं मध्येच सोडायचं नसतं. अर्धं सोडलं तर घरावर येतं. आमच्या सगळ्या भावकीचं गाऱ्हाणं थोरला भाऊ गेल्यापासून मीच घालत होतो. माझं गाऱ्हाणं ऐकून बायका डोळे पुसत. एकदा तर ढोलवाला पण रडला होता! (त्याच्या पायावर पालखीचा दांडा पडला होता असं माझी बायको म्हणते. तिचं काय ऐकायचं?)

पण चार वर्षांपूर्वी थोरल्या भावाच्या दोन मुलांचं भांडण झालं. अनंत गावात रिक्षा चालवतो, मधू डोंबिवलीला लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला असतो. दोघांचं घर एक, मधे भिंत घातलेली, अंगण सामाईक. भांडण मागच्या गडग्यावरून. गडगा म्हणजे जांभ्या दगडांचं कुंपण. मधूचं म्हणणं, तो दोन हात त्याच्या जागेत आहे. अनंतचं म्हणणं, तो आजोबांनी घातलाय, आजोबांना जाऊन विचार. तेव्हापासून बोलणं बंद. दोघांनी मला येऊन सांगितलं, "काका, आमचं गाऱ्हाणं आता आम्ही आमचं घालू. तुम्ही त्याच्या बाजूने बोलाल."

चाळीस वर्षांची माझी गादी गेली! आणि हे दोन बैल तीन शिमगे देवापुढे उभे राहून नुसते "सगळ्यांचं भलं कर" एवढं म्हणून गप्प! देवाला पण वाटलं असेल, चुकीच्या अंगणात बसलो की काय.

त्या वर्षी शिमग्याच्या अकरा दिवस आधी अनंत हळूच माझ्याकडे आला. "काका, ह्या वेळेला एक नीट गाऱ्हाणं लिहून द्या. मी वाचतो. पोरीने नर्सिंगची परीक्षा दिलीय, तिला नोकरी लागू दे. आणि तेवढं गडग्याचं घाला." जाताना पंचवीस नारळ ठेवून गेला.

तिसऱ्या दिवशी डोंबिवलीहून मधूचा फोन. "काका, कोणाला बोलू नका. मला एक गाऱ्हाणं लिहून द्या. सुलभाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, ते नीट होऊ दे. आणि ह्या वेळेला मी मोजणीचा अर्ज घेऊनच येतोय. शिमगा झाला की ऑफिसात देणार. मोजणी माझ्यासारखी होऊ दे, एवढं देवाच्या कानावर घाला." मानधन म्हणून त्याने मोठी बॅटरी कबूल केली, रात्री कोल्हा दिसेल एवढ्या उजेडाची.

सरकारी मोजणी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मोजणी आली की तारखा येतात, तारखा आल्या की वकील येतो, आणि मग दोन घरांतली माणसं एकमेकांच्या मयतालासुद्धा जात नाहीत. हे मी आमच्याच वाडीत दोनदा बघितलंय. पण मधूला समजवायला जावं तर त्याने मला आधीच बाजूला केलेला! आणि मी पडलो मानी. म्हटलं, आपण लेखक. गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं.

मी सायलीला ऐटीत सांगितलं, "दोन गिऱ्हाइकं आली मला. तीन दिवसांत!"

ती खूश झाली. म्हणाली, "वा आबा! पण दोन गोष्टी सांगते. एकाला लिहिलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही, प्रत्येकाचं नवीन लिहायचं. आणि द्यायच्या आधी सगळं एकदा वाचून बघायचं."

"मी आंब्याची बाग केलीय चाळीस वर्षं. एका झाडाचे आंबे दोन पेट्यांत भरले तर काय पाप लागतं?"

"लिहिणं म्हणजे आंबे नव्हेत, आबा."

"तू मला शिकवू नको गो!"

अनंतचं गाऱ्हाणं मी दोन दिवस लिहीत होतो. काय उतरलं म्हणून सांगू! शेवट तर असा झाला की माझं मलाच भरून आलं: 'हा गडगा आजोबांनी घातला तिथेच राहू दे, आणि त्याच्यावर जो वाकडी नजर ठेवील त्याला तूच सुबुद्धी दे म्हाराजा!' आता एवढं चांगलं लिहून झाल्यावर मधूसाठी परत पहिल्यापासून डोकं कशाला खाजवायचं? मी तेच समोर ठेवून उतरवायला घेतलं. नावं तेवढी बदलायची, नोकरीच्या जागी गुडघा घालायचा, गडग्याच्या जागी मोजणी. पहिल्या चार ओळी झाल्या, आणि आतून बायकोने हाक मारली, "अहो, जेवायला या! बांगड्याचं कालवण निवतंय!"

गेलो. जेवलो. बांगड्यानंतर माणूस आडवा होतो, तसा झालो. उठून राहिलेलं भराभर उतरवलं. वाचून बघितलं नाही. स्वतःचं लिहिलेलं काय वाचायचं? मला पाठ होतं!

वर आणखी एक शहाणपणा केला. दोन्ही कागद पाकिटांत घालून चिकटवले आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'देवापुढेच उघडावे. आधी वाचल्यास गुण जातो.' हे मी का केलं? नाहीतर वाडीतल्या सगळ्यांनी उतरवून घेतलं असतं आणि माझा धंदा बसला असता!

पालखी अनंत-मधूच्या अंगणात आली त्या दिवशी दुपारी अख्खी वाडी जमली होती. ढोल, ताशे, गुलाल. मधूची बायको सुलभा खुर्चीवर, पाय पुढे ताणून. अनंतची बायको आणि मुलगी प्राजक्ता दुसऱ्या टोकाला. मधे पालखी, आणि तिच्या दोन बाजूंना दोन भाऊ, पाठ एकमेकांकडे करून. मधूला संध्याकाळची गाडी होती म्हणून तो आधी पुढे झाला. पाकीट फोडलं, नवा चष्मा लावला आणि शाळेतल्या धड्यासारखा एकेक शब्द सुटा करून वाचायला लागला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या अंगणात येऊन बसलायस!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझं लेकरू मधुकर पोटासाठी मुंबईत ऱ्हवतं, पण नारळ तुझ्या पायाशीच ठेवतं!"

"व्हय म्हाराजा!" सुलभाने पदर डोळ्याला लावला. मी सदऱ्याची कॉलर नीट केली.

"तुझं लेकरू अनंत रिक्षा चालवून कष्टानं घर चालवतं, त्याच्या हाताला यश दे!"

"व्हय म्हाराजा!"

मला बांगड्याचं कालवण आठवलं! मधू थांबला. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

मंडळी वाट बघत होती. ढोलवाल्याने टिपरू वर धरून ठेवलेलं. सोडावं तर अर्धं गाऱ्हाणं घरावर येणार, आणि बायकोचं ऑपरेशन तोंडावर! मधूच्या कपाळावरचा गुलाल घामाने खाली वाहायला लागला. त्याने पुढे वाचलं.

"त्याची लेक प्राजक्ता, नर्सिंगची परीक्षा दिलीय, तिला बरी नोकरी लागू दे!"

"व्हय म्हाराजा!" ह्या खेपेला आवाज दुप्पट झाला. माणसं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. चार वर्षं न बोलणारा भाऊ पुतणीसाठी देवापुढे मागतोय!

"हा... हा गडगा..." मधूचा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. "हा गडगा आजोबांनी घातला तिथेच राहू दे!"

"व्हय म्हाराजा!!"

"आणि त्याच्यावर जो... जो वाकडी नजर ठेवील... त्याला तूच सुबुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!!" पलीकडच्या वाडीतले कुत्रे भुंकले असा आवाज!

मधू कागदाची घडी करत माझ्याकडे आला. दात आवळून हळूच म्हणाला, "काका, हे काय लिहिलंत?"

"तुझ्या काकीने बांगडे केले होते रे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तेवढ्यात मागून अनंत आला. त्याचे डोळे भरलेले. "मधू, तू माझ्या पोरीचं मागितलंस? आधी माझ्या पोरीचं?" मधूने कागद खिशात कोंबला. चूक झाली म्हणावं तर काकाकडून गाऱ्हाणं विकत घेतल्याचं सांगावं लागणार. शेवटी तो म्हणाला, "आपलीच आहे ना पोरगी."

अनंत पालखीपुढे गेला. खिशातून माझं पाकीट अर्धं बाहेर काढलं, परत आत ढकललं आणि हात जोडले. त्याला बोलता येत नाही हे सगळ्या वाडीला ठाऊक.

"देवा म्हाराजा... वहिनीचा गुडघा... तेवढा बघ. जिना आहे त्यांच्याकडे, तीन मजले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घराला लिफ्ट नाय. आणि आमचं हे... काय ते... पुरे आता."

एवढंच. ना सुरुवात, ना शेवट. पण "व्हय म्हाराजा" म्हणताना पुरुषसुद्धा डोळे पुसायला लागले. खरं सांगतो, चाळीस वर्षांत माझ्या एकाही गाऱ्हाण्याला असं झालं नव्हतं. त्या दिवसाचं सगळ्यांत चांगलं गाऱ्हाणं मी न लिहिलेलं होतं!

प्रसाद वाटायला अनंतच्या बायकोने कागद मागितला. मधूने वरच्या खिशातून मोजणीचा कोरा अर्ज काढला आणि दिला. सुलभाला त्यातच खोबरं गेलं. मधूने संध्याकाळची गाडी सोडली. रात्री दोन्ही घरांत मिळून एकच चूल पेटली.

पण अनंतच्या खिशातलं पाकीट वाडीने बघितलं होतं! तसंच पाकीट, तेच अक्षर, तेच 'गुण जातो', आणि फोडलं तर आत तोच गडगा. गुरवाने मांडीवर थाप मारली, "अरे, ह्या म्हाताऱ्यानं मुद्दाम केलान! दोघा भावांना एक करायला एकच गाऱ्हाणं दोघांना दिलान! काय डोकं!"

मी टोपी नीट केली आणि मंद हसलो. ज्ञानी माणूस हसतो तसा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मुद्दाम काय? दुपारी घोरत होतात ते पण मुद्दाम?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. सायलीच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "सायली, हे सगळं नीट लिहून काढ. म्हाताऱ्याने भावकी कशी जुळवली, डोकं कसं लढवलं. वाडीच्या ग्रुपवर टाकूया. तू काय घेशील ते देतो."

ती जराही हसली नाही. धंद्यात ती पक्की. म्हणाली, "खोटं लिहायचा माझा दर वेगळा आहे, आबा. पैसे नकोत. आठ दिवस सकाळचा चहा तुम्ही करून द्यायचा."

बहात्तर वर्षांत मी चुलीला हात लावलेला नाही. पण नावाचा प्रश्न होता! दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, आधण ठेवलं, पूड टाकली. आता साखर कुठल्या डब्यात? बायकोला विचारणं शक्य नव्हतं. दोन डब्यांत पांढरं काहीतरी दिसलं. त्यातला मोठा डबा उचलला, कारण माणसाला गोडच जास्त लागतं. चहा गाळला आणि स्वतः टेबलावर नेऊन ठेवला.

सायलीने एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग कसाबसा गिळून, कप बशीसकट माझ्याकडे सरकवत म्हणाली, "आबा, खरं काय ते तुमचं तुम्हीच लिहा. तपासून मी फुकट देते."