वाढीव चार सेंटिमीटर

देवासला टेकरीच्या रस्त्यावर शालिग्राम मिस्त्रीचं सायकलचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही आणि मिस्त्रीच्या तोंडाला फाटक नाही. "पाटी लावली की कुणीही येतो," असं तो म्हणतो. पाटी नसतानाही कुणीही येतं, आणि जो येतो त्याचा शालिग्राम आधी मनातल्या मनात, आणि मग बहुतेक वेळा मोठ्याने, उद्धार करतो.

त्याचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर घोड्यांना नाल ठोकायला माळव्यात आले. घोडे गेले, संस्थान गेलं, हातातलं लोखंड मात्र राहिलं. बाविसाव्या वर्षी शालिग्रामने स्वतःच्या पायांची मापं घेऊन, पोलादी नळ्या पितळेने जोडून स्वतःसाठी सायकलचा सांगाडा बनवला आणि देवास ते सोनकच्छ आणि परत अशा शर्यतीत दुसरा नंबर काढला. पहिला आलेला उमाशंकर ट्रकच्या आडोशाने चालला होता, असं तो आजही सांगतो. उमाशंकर वारला. तरी सांगतो.

साठी उलटल्यावर त्याचा सगळ्यात मोठा राग कशावर असेल तर कार्बनच्या सायकलींवर. "प्लास्टिकची बादली आहे ती. बादलीवर बसून कुणी मांडूला जातं का?" आणि त्याहून राग घट्ट चड्डी घालून त्या सायकलींवर बसणाऱ्यांवर. पण मापं घ्यावीत तर शालिग्रामनेच, हे इंदूरपासून धारपर्यंतच्या सायकलवाल्यांना माहीत होतं. म्हणून ते त्याच्या शिव्या खात आणि येत राहत.

तसाच एका रविवारी धारहून विक्रमसिंह आला. घराणं जुनं, दरबारातलं. आता दोन पेट्रोलपंप आणि एक मंगल कार्यालय. वय चव्वेचाळीस. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, म्हणून याने थेट परदेशातल्या एका कारखान्याकडून खास आपल्या अंगाच्या मापाची कार्बन फ्रेम बनवून घ्यायचं ठरवलं होतं. कारखान्याने चौदा मापं मागवली होती. सोबत धारच्या सायकल ग्रुपमधले दोन मित्र होते, तमाशा बघायला.

"भिया, कितने दिन से चला रहे हो?" शालिग्रामने विचारलं.

"आठ महिने झाले. पण आता सीरियसली करायचंय."

"आठ महिन्यांत किती लांब गेलात?"

"बावीस किलोमीटर. एकदा."

शालिग्रामने मित्रांकडे पाहिलं. मित्र आधीच हसत होते.

त्याने विक्रमसिंहाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं केलं. मांड्यांच्या मध्ये जुनी टेलिफोन डिरेक्टरी वर सरकवली, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि खाली पाहिलं.

"टाचा टेकवा."

"टेकल्यात."

"मग जमीन खाली गेली असेल. सरकार, पाय लांब करायचे असतील तर देवापुढे उभे राहा. माझ्यापुढे सरळ उभे राहा."

मित्र खो खो हसले. विक्रमसिंहाने टाचा टेकवल्या. पायाचं माप एकोणऐंशी सेंटिमीटर. शालिग्रामने वहीत लिहिलं.

मग वाकायची पाळी आली. गुडघे न वाकवता बोटं जमिनीला लावायची. विक्रमसिंह लाल होईपर्यंत वाकला. बोटं गुडघ्याखाली वीतभर गेली आणि थांबली.

"बस?" शालिग्राम म्हणाला. "तुमच्या आजोबा-पणजोबांनी दरबारात इतकाच मुजरा घातला असता ना, तर जहागीर त्याच दिवशी जप्त झाली असती."

आता एक मित्र तर हसून हसून बाहेर जाऊन बसला. विक्रमसिंह हसला नाही. बूट घालताना त्याने एवढंच विचारलं, "कोणती फ्रेम घेऊ?"

इथे मात्र शालिग्रामने नीट सांगितलं, कारण कामाच्या बाबतीत तो थट्टा करत नसे. फ्रेम पुढून उंच हवी, म्हणजे हँडल वर येईल. लांबी आखूड हवी, म्हणजे हात ताणावे लागणार नाहीत. शर्यतीवाल्यांसारखी पुढून खाली झुकलेली, लांब फ्रेम घेतली तर मान आणि कंबर महिनाभरात जाब विचारतील.

"ती तर म्हाताऱ्यांची झाली. मी म्हातारा आहे का?"

"तुम्ही नाही. तुमची कंबर आहे."

चौदा मापांचा कागद घेऊन विक्रमसिंह गेला.

पाच महिन्यांनी पेटी आली. जोडायचं काम शालिग्रामकडेच आलं. पेटी उघडताना तो नेहमीसारखा बडबडत होता, बादली आली, झाकण कुठाय म्हणत होता. मग त्याने फ्रेम उचलली आणि बडबड थांबली. पाण्याने भरलेल्या तांब्याएवढं तिचं वजन होतं. त्याने नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. जिथे पायडलचा दांडा बसतो त्या भोकातून बॅटरी लावून आत पाहिलं. एकही सुरकुती नव्हती, वाळलेल्या डिंकाचा एक ओघळ नव्हता. कुणाचीही नजर कधी पोचणार नाही अशा जागीसुद्धा कुणीतरी हाताने, थरावर थर बसवत, बाहेरच्याइतकंच नेटकं काम केलं होतं. आयुष्यभर लोखंड जोडलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. आणि कळलं म्हणून तो आणखी चिडला.

सवयीने त्याने फ्रेमला टेप लावली. ती लांब होती. पुढून खाली झुकलेली होती. वहीतल्या माणसाची ती नव्हतीच.

त्याने फोन लावला. "भिया, ही दुसऱ्या कुणाची तरी आलीय."

"माझीच आहे. तुम्ही जोडा."

तेव्हाच शालिग्रामने नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला आता मजा बघायची होती. विक्रमसिंहाच्या सांगण्याप्रमाणे त्याने पुढच्या चिमट्याची वरची नळी हँडल सगळ्यात खाली बसेल इतकी कापली, सगळे नट नेमक्या ताकदीने आवळले, आणि सायकल धारला रवाना केली.

धारच्या सायकलवाल्यांनी नारळ फोडला, फोटो काढले आणि मांडूच्या रस्त्याला लागले. विक्रमसिंह वाटेतल्या नालछा गावाच्या अलीकडेच उतरला. हाताची बोटं बधिर झाली होती आणि मान डावीकडे वळत नव्हती. घरची जीप येईपर्यंत तो पुलाच्या कठड्यावर बसून होता. हे शालिग्रामला दुपारपर्यंत कळलं आणि जेवताना तो दोनदा एकटाच हसला.

संध्याकाळी ग्रुपवर विक्रमसिंहाचा मेसेज आला. देवासच्या मिस्त्रीने मापं चुकीची घेतली, सगळ्यांनी सांभाळून राहा.

पुढच्या दोन आठवड्यांत इंदूरच्या एका डॉक्टरने ठरलेली भेट रद्द केली. धारचे आणखी दोघे यायचे ते आले नाहीत. शालिग्रामला गिऱ्हाइकाचं दुःख नव्हतं, पण त्याच्या टेपला कुणी खोटं म्हणावं! त्याने वही पिशवीत घातली आणि धारची बस धरली.

बंगल्याच्या ओसरीवर विक्रमसिंहाची आई, राजाबाईसाहेब, बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, पण पाठ ताठ. शालिग्रामने सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आत हाक मारली.

"विक्रमसिंह, जोडे काढा आणि भिंतीशी उभे राहा."

"आईसाहेब, हे काय? नोकर बघताहेत."

"बघू द्या. मिस्त्री, माप तुम्ही घ्या. आकडा मी वाचीन."

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस आपल्या ओसरीवर अनवाणी उभा राहिला. राजाबाईसाहेबांनी चष्मा लावला, टेपवर वाकल्या आणि म्हणाल्या, "एकोणऐंशी. मिस्त्रींच्या वहीत?"

"एकोणऐंशी."

"आणि तुम्ही परदेशी काय कळवलंत?"

विक्रमसिंह पायाचे अंगठे फरशीवर घासू लागला. त्यांनी हात पुढे केला. त्याने मोबाइलवर फॉर्म उघडून दिला. पायाचं माप त्र्याऐंशी होतं. वाकल्यावर बोटं जमिनीला लागतात का, यापुढे 'हो' लिहिलं होतं.

"जे पाय मी देऊ शकले नाही ते तुम्ही कागदावर घेतलेत," राजाबाईसाहेब म्हणाल्या. "आणि बोल या माणसाला लावलात. आत्ताच्या आत्ता लिहा त्या तुमच्या ग्रुपात."

त्याने लिहिलं. शालिग्रामने ते दोनदा वाचलं. निघताना फाटकापाशी त्याला राहवलं नाही. "सरकार, पुढच्या वेळी उंचीही वाढवून कळवा. सायकल नाही तर पलंग तरी मोठा मिळेल."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसून प्रत्येक दृश्य पुन्हा चघळत आला. घरी आल्यावर बायकोला, जयाला, त्याने नकला करून दाखवल्या. राजाबाईसाहेबांचा चष्मा, विक्रमसिंहाच्या अंगठ्यांची चुळबूळ, सगळं. जया पोहे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं म्हणजे? सिद्ध झालं!"

"काय सिद्ध झालं? तो खोटं बोलला हे. आणि का बोलला?"

"कारण तो मूर्ख आहे."

"मित्रांसमोर त्याच्या टाचा काढल्यात, मुजरा काढलात, जहागीर काढलीत. तुम्हीच तर येऊन हसत हसत सांगितलंत मला. त्यानंतर कोण खरा आकडा लिहील? मीसुद्धा नसता लिहिला." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुमच्या जिभेनं लांबवलेत त्याचे पाय."

शालिग्राम ओरडला. पाय ज्याचे त्याचे असतात, तो म्हणाला. मी मिस्त्री आहे, सासू नाही, तो म्हणाला. खरं बोलणाऱ्याला या जगात जागा नाही, हेही म्हणाला. जया पोहे निवडत राहिली.

तीन दिवस तो दुकानात सगळ्यांवर खेकसला. चौथ्या दिवशी एका मुलीच्या सायकलची गंजकी चेन काढताना त्याला ती फ्रेम आठवली. दूर कुठल्यातरी देशात एका कारागिराने त्र्याऐंशी सेंटिमीटर पाय असलेल्या, गुडघे न वाकवता जमिनीला हात लावणाऱ्या माणसासाठी मन लावून ती बनवली होती. तसा माणूस नव्हताच. आणि त्या कारागिराला हे कधी कळणार नव्हतं. चेन तशीच टाकून शालिग्राम इंदूरला गेला आणि वर वळलेली, आखूड जोडणी घेऊन आला. हँडल जिच्यावर बसतं ती. सीटसाठी सरळ, मागे न झुकणारी दांडी आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धार.

सायकल कोठारात चादरीखाली होती. विक्रमसिंह दारातच उभा राहिला.

"हसायला आलात?"

"पाना घेऊन आलोय," शालिग्राम म्हणाला. त्याने पिशवी दारात ठेवली. मग तो म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या मित्रांना बाहेर बसवायला हवं होतं मी."

यापलीकडे त्याच्या तोंडून माफी निघाली नसती आणि विक्रमसिंहालाही ते कळलं असावं. त्याने चादर काढली.

दीड तास शालिग्राम काम करत होता. कार्बनची फ्रेम कापून आखूड होत नाही, त्यामुळे होतं त्यातच भागवायचं होतं. हँडल वर आलं, सहा बोटं जवळ आलं. सीट खाली गेली, पुढे सरकली. परदेशी फ्रेमवर ते उंचावलेलं हँडल असं दिसत होतं की शालिग्रामच्या जिभेवर चार वाक्यं आली. त्याने पान्याचं टोक दातांत धरलं.

"दूधवाल्याची सायकल झाली," विक्रमसिंह स्वतःच म्हणाला.

"झाली," शालिग्रामने पाना काढला. "पण दूधवाला रोज चाळीस किलोमीटर जातो. त्याची मान कधी धरलेली पाहिलीय?"

विक्रमसिंह घट्ट चड्डी न घालताच, आहे त्या पायजम्यावर निघाला. सव्वा तासाने परत आला. घामाने डबडबला होता. फाटकातून आत येताना त्याने मान डावीकडे वळवून पाहिलं, उजवीकडे वळवून पाहिलं.

"कुठवर गेलात?"

"मोजलं नाही."

ती सायकल पूर्ण बरोबर कधीच झाली नाही, होणारही नव्हती. ग्रुपमधल्यांनी फोटो पाहून पुष्कळ टवाळी केली. पण विक्रमसिंह सकाळी सहाला एकटाच निघतो आणि त्या शहाण्यांतले निम्मे अजून झोपलेले असतात, असं शालिग्राम आता ज्याला त्याला सांगतो. त्यात विक्रमसिंहाचं कौतुक थोडं आणि बाकीच्यांची निंदा जास्त असते.

मागच्या महिन्यात धारकडच्या मनावर गावाहून कापसाचा एक व्यापारी आला. गणपत नाव, पोट चांगलं सुटलेलं, हातात कार्बनच्या सायकलींचं चकचकीत पुस्तक. शालिग्रामने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, तोंड उघडलं, आणि मग वळून दुकानामागच्या घरात हाक मारली.

"जया, वही घे. यांना काय विचारायचं ते तू विचार."

जया हात पुसत आली, स्टुलावर बसली. "बसा भाऊ. किती जाता एका वेळी? आणि काय दुखतं?"

गणपत जरा घुटमळला. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. "दहा किलोमीटर. त्यानंतर कंबर. आणि खरं सांगू का वहिनी, चढ आला की मी उतरतो."

जयाने दहा लिहिलं, कंबर लिहिलं, चढ लिहिला. शालिग्राम टेप उलगडत भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला, पण काय ते कुणालाही ऐकू आलं नाही.