वहिनींचा लेथ

वहिनी गेल्याचा निरोप घेऊन दादाचे शेजारी डोंबिवलीहून ठाण्याला माझ्या घरी आले, तेव्हा मी तिकडेच जायला निघालो होतो. पिशवीत वहिनींच्या यंत्राचं चाक फिरवायचा चामड्याचा पट्टा होता. तापाने अंथरुण धरलेल्या वहिनींनीच तो मागवला होता. "भाऊजी, सगळीकडे सारख्या जाडीचा बघून घ्या. मागच्या वेळी दुकानदाराने तुम्हाला बनवलं," एवढं त्या पडल्या पडल्या बजावून सांगत होत्या. माणूस असं बोलतंय म्हणजे चार दिवसांत उठेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो... त्यालाही आता महिना होऊन गेला.

लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं मोडीत काढलेलं सामान भंगारवाल्यांकडे येऊन पडलं होतं. वहिनी तिथे पाणी तापवायचा बंब बघायला गेल्या आणि लाकूड कातायचा, पायाने चालवायचा जुनाट लेथ घेऊन आल्या. बैलगाडीतून तो गंजका बिडाचा सांगाडा दारात उतरला तेव्हा मी तिथेच होतो. दादाने कपाळाला हात लावला.

"अगं, बंब कुठाय?"

"बंब काय, कधीही मिळेल. हा उद्या भट्टीत जाणार होता."

वहिनींचे वडील भिक्षुकी करत. माहेरी कोणी भिंतीत खिळा ठोकला असेल तर शपथ. हे वेड त्यांच्यात कुठून आलं, ते त्यांनाही सांगता येत नसे. पण दुपारची कामं आटोपली की पदर खोचून त्या ओट्यावर बसत. एकेक भाग सोडवून रॉकेलच्या घमेल्यात भिजत टाकायचा, दुसऱ्या दिवशी काढून घासायचा, पुन्हा भिजवायचा. आस ज्यांत फिरतो ते बुश पार झिजले होते. ते ठाकुर्लीच्या एका फिटरकडून नवे करून घेतले आणि पसंत पडेनात म्हणून दोनदा परत पाठवले. बरेच महिने हे चाललं होतं. शेवटी लेथ उभा राहिला तेव्हा त्यांनी त्यावर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलं आणि पायडल मारायला सुरुवात केली. चाक गरगर फिरत होतं आणि फुलपात्रातलं पाणी जेमतेम थरथरत होतं. माझी छाती तर अशी फुगली, जणू मीच तो दुरुस्त केला होता.

गंमत अशी की त्यावर वहिनींनी काहीच बनवलं नाही. आळीतल्या बायका लाटणी मागायला येत. "लाटणी बाजारात मिळतात की," वहिनी म्हणत, "हा बघा ना कसा चालतोय." चाचणीपुरतं कातलेलं लाकूड सरळ चुलीत जाई. यंत्र पुन्हा चालतं झालं, यातच त्यांना सगळं मिळालेलं असे. पुढे लाकूड कापायचं एक पायडलचं यंत्रही त्यांनी असंच जिवंत केलं.

एका गणेशोत्सवात आळीने हौशी मंडळींच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. भरतकाम, कागदी फुलं आणि मधोमध आमचा लेथ. त्यापुढच्या पाटीवर मात्र 'दुरुस्ती' म्हणून दादाचं नाव. मंडळींनी परस्पर लिहिलं होतं आणि दादाही गप्प राहिला. पाहुण्यांनी त्याला विचारलं, "एवढ्या वेगात पट्टा घसरत कसा नाही?" दादा खाकरला. बायकांच्या घोळक्यातून वहिनी म्हणाल्या, "चाकाला मधोमध किंचित फुगवटा आहे, म्हणून तो मध्यावरच राहतो." सगळ्या माना तिकडे वळल्या. दादा हसून म्हणाला, "ऐकून ऐकून पाठ झालंय तिला." लोकही हसले.

दुसऱ्या दिवशी दादा ऑफिसातून आला तर ओट्यावर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यांवर लेथचा नट न् नट सुटा मांडलेला.

"जोडा आता," वहिनी म्हणाल्या. "नाव तुमचं आहे ना?"

दादा हट्टाला पेटला. संध्याकाळमागून संध्याकाळ तो काळ्या हातांनी त्या पसाऱ्यात बसे. एकदाचं जोडलं, तर पहिल्याच फेऱ्याला पट्टा उडून त्याच्या पायावर. मग मात्र तो म्हणाला, "चुकलो. शिकव मला." वहिनींनी चाक सोडवलं, त्याच्या हातात दिलं आणि अगदी पहिल्यापासून शिकवलं. त्यानंतर रविवारी दोघं मिळून काम करत. घरात दादा त्यांचं तोंडभर कौतुक करी. पण बाहेर कोणी विचारलं की अजूनही "आमच्याकडचा लेथ" एवढंच म्हणे. ते मला खुपायचं, वहिनींनाही खुपत असणार...

लेथ कल्याणच्या एका शाळेतल्या लाकूडकामाच्या वर्गाला द्यायचं वहिनींनी आजारी पडण्याआधीच कबूल केलं होतं. गेल्या रविवारी शाळेचे मास्तर तो न्यायला आले. शेजारपाजारचे लोक बघायला जमले होते. मी आणलेला पट्टा दादाने स्वतः चढवला. मास्तरांनी पायडल मारून पाहिलं, चाकाजवळ कान नेला आणि थक्क होऊन विचारलं, "मिस्त्री कोण हो तुमचा? पुढेमागे काही बिघडलं तर त्यालाच बोलावू."

दादा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"माझी बायको. ती गेली. पण तुम्ही काळजी करू नका, तिने केलेलं बिघडत नाही."