सरांची लाट आणि माझा डबा

डबा काही न करता तापत होता.

डबा म्हणजे कॉम्प्युटरमधला, कल्पनेतला. मी अंतराळातल्या प्लाझ्माचं सिम्युलेशन करते. वायू इतका तापला की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात, तो प्लाझ्मा. सूर्याकडून असा प्लाझ्मा सतत वाहत येतो. त्याला सौर वारा म्हणतात. तो वाटेत जितका थंड व्हायला हवा तितका होत नाही. कोणीतरी त्याला तापवतंय. कोण, हा आमचा प्रश्न.

माझे पीएचडीचे गाइड, आता रिटायर झालेले सर, यांचं म्हणणं होतं की प्लाझ्मात उठणारी एका विशिष्ट प्रकारची लाट हे काम करते. आयुष्यभर ते हेच म्हणत आले. लोक ऐकून घेत आणि विषय बदलत. मग मी कोट्यवधी कण त्या डब्यात भरले, सरांची लाट सोडली, आणि कण तापले. सरांना हवे होते तितके.

सर आमच्याच गावात, फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळ राहतात. डोळे गेल्यामुळे वाचता येत नाही, म्हणून मी जाऊन आकडे वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग जुन्या सहकाऱ्यांना फोन लावायला सांगितलं आणि प्रत्येकाला निकाल कळवला. मला वाटलं, आता माणूस दहा वर्षांनी तरुण झाला.

संशोधनाचा पेपर छापायला पाठवायच्या आधी मी एक टेस्ट केली, जी खरं तर सगळ्यात आधी करायची असते. लाट सोडायचीच नाही. डबा शांत ठेवायचा. तापमान जिथल्या तिथे राहायला हवं. ते चढत गेलं. हिशेबासाठी डबा कप्प्यांत विभागतात, आणि ते कप्पे मी फार मोठे घेतले होते. कप्पे मोठे असले की हिशेबातल्या ढोबळपणामुळे कणांना फुकटची ऊर्जा मिळते. निसर्गात ती नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरून, नानाखेड्याहून, ऑटो केली. दार काकूंनी, सरांच्या पत्नींनी, उघडलं. माझा चेहरा बघून त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. मी सांगितलं.

"त्यांना आत्ता नको सांगू ग," काकू हळूच म्हणाल्या. "कितने दिन बाद नीट जेवतायत. थोडे दिवस राहू दे की."

"पेपरवर त्यांचं नाव आहे, काकू."

काकू गॅस बंद करून बाहेर गेल्या.

सर आरामखुर्चीत होते. मी एका दमात सांगून टाकलं.

"लाट सोडलीच नव्हतीस?"

"नाही, सर."

"तरी तापला?"

"जवळजवळ तेवढाच."

सर म्हणाले, "बेटा, तू सांगितलं नसतंस ना, तर मी खुशीत मेलो असतो. पण ग़लतफहमी में."

मला रडू आलं. "चूक माझी आहे, सर."

"नाव दोघांचं आहे. फोन लाव."

ज्यांना ज्यांना त्यांनी कळवलं होतं, त्या सगळ्यांना मी नंबर लावून दिले. सर प्रत्येकाला तेच सांगत होते, "वो नतीजा वापस ले रहा हूँ. हमसे चूक हुई." मधे त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या चष्म्यातून त्यांना काही दिसत नाही. काकू दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. शेवटच्या फोननंतर त्यांनी सरांच्या हातात चहा दिला आणि त्यांच्या शेजारीच बसल्या.

बारीक कप्पे घेऊन सिम्युलेशन परत चालवलं. त्याला कित्येक आठवडे लागले. सरांची लाट तापवते, पण किंचित. सौर वाऱ्याचं कोडं तेवढ्याने सुटत नाही. आमचा पेपर छोटा झाला आणि कोणी फारसा वाचला नाही. अर्धा पेपर तर कप्पे चुकले की काय होतं, यावरच आहे. सरांनी तो पूर्ण ऐकला, एक वाक्य बदलायला लावलं आणि विचारलं, "तो फिर गरम कौन कर रहा है?" आता मी दर रविवारी त्यांच्याकडे जाते. आम्ही दुसरी लाट शोधतोय.

शिकले एवढंच: नको असलेला आकडा आपण आपणहून दहादा तपासतो. हवा असलेला मात्र मुद्दाम तपासावा लागतो, आणि तोही कोणाला फोन करायच्या आधी.