बुधवारचं जुळं केळं

चार माणसांच्या शाळेत किस्से साठायला वेळ लागत नाही. त्यातून एकीला दिवस गेलेत आणि ते लपवायचेत, असं झालं तर बघायलाच नको. आमच्या पासली गावाकडच्या शाळेत हेडसर, विज्ञानाच्या मोहिते मॅडम, खिचडी शिजवणाऱ्या कमलमावशी आणि मी. लपवणारी मी.

भोरला पहिली सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आहेत." आमचे हे म्हणाले, "मॅडम, मशीन नवीन आहे का?"

"मशीन जुनंच आहे. तुम्ही खुर्चीत बसा."

दुसऱ्याचे ठोके मात्र जरा हळू होते. "तीन महिने भरत आले की पुन्हा बघू," असं त्या म्हणाल्या. गेल्या वर्षी माझं एक दुसऱ्या महिन्यातच गेलं होतं. म्हणून ठरवलं, दोन आहेत हे घरीसुद्धा सांगायचं नाही. भीती वाटत होती, दुसरं काय.

*

खिचडीला फोडणी बसली की मी तोंडावर रुमाल धरून पळायची. हेडसरांना सांगितलं, ॲसिडिटी आहे. त्यांना फार आनंद झाला, कारण ती त्यांनाही होती. मग रोज कोकम सरबत, आवळा सुपारी, जेवल्यावर शतपावली. "सकाळी जास्त मळमळतं ना? मलाही अगदी तसंच!"

पुढं खरं कळलं, तेव्हा सर चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "मग मला काय झालंय?"

*

सासूबाईंचा दंडक होता, तीन महिने कुणाला कळता कामा नये. एका सकाळी मी एसटीत चढले, तर कंडक्टर म्हणाला, "मॅडम, हितं पुढं बसा. मागं लई दणके बसत्यात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई. तुमच्या सासूबाईच म्हणल्या, कुणाला सांगू नका."

*

मोहिते मॅडमना सांगायला मला सगळ्यांत जड गेलं. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झालीत. पुण्याच्या दवाखान्यांत खेटे घालून नवराबायको थकले आणि एक दिवस तो विषय त्यांनी बंदच केला. आम्हीही कधी काढत नाही.

दोन आहेत, हे शाळेत फक्त त्यांनाच सांगितलं. त्यांनी वह्या तपासता तपासता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझा मैदानाचा तास आजपासून माझा." बस्स, एवढंच.

*

एसटीतली बातमी कमलमावशींपर्यंत पोचली. त्या पदर चाचपत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "मॅडम, खरं सांगा. एक हाय का दोन?"

मी चाटच पडले! माझ्या तोंडावरूनच मावशी काय ते समजल्या.

बुधवारी पोरांना केळी असतात. त्यातलं एखादं जुळं निघालं की पोरी हात लावत नाहीत. जुळं केळं खाल्लं की जुळं होतं, असं घरी सांगितलेलं असतं. मग मावशी ते मला द्यायच्या आणि मी मजेत खायची.

"म्याच दिली की वो ती तुमाला! आता त्यातल्या एखाद्याला काय झालं, तर माज्या जिवाला घोर."

मोहिते मॅडमनी पुस्तकातून मानही वर केली नाही. "मावशी, तसं असतं तर जळगावात नुसती जुळीच जन्मली असती."

मावशींना ते पटलं नाही. तेव्हापासून जुळं केळं हेडसरांच्या गाईला जायला लागलं. सर काळजीत.

*

तिसरा महिना सरत आला आणि शाळेतच मला रक्ताचा डाग दिसला. हे पुण्याला कामावर. मोहिते मॅडमनी सरांच्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि मला भोरला नेलं. दणका बसू नये म्हणून गाडी इतकी हळू चालवली की मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न देऊन आम्हाला मागं टाकलं. मी रडत होते.

सोनोग्राफीच्या दारात नर्सनं त्यांना अडवलं. "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मी विज्ञान शिकवते," असं म्हणून त्या आत आल्या.

डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडं वळवला. "हा एकाचा ठोका. आणि हा दुसऱ्याचा. चांगला आहे आता." मी मोहिते मॅडमकडं बघितलं. त्या पडद्याकडं बघत होत्या. निघायची वेळ झाली, तरी बघतच होत्या.

*

आठवडाभर विश्रांती घेऊन मी शाळेत गेले, तो बुधवार होता. सरांनी पेढे आणले होते. कमलमावशींनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि मग केळी वाटायला बसल्या. एक जुळं निघालं. ते त्यांनी गाईसाठी बाजूला ठेवलं.

मोहिते मॅडम वर्गावर निघाल्या होत्या. दारातून परत आल्या.

"मावशी, ते इकडं द्या."

मावशींनी दिलं. मॅडमनी उभ्या उभ्याच साल काढली आणि दोन्ही केळी खाल्ली. सर खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमनी रुमालानं हात पुसले, खडू उचलला आणि सातवीवर विज्ञान शिकवायला गेल्या.