गावची लेक मागं आहे

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "इंटरस्टिशियल लंग डिसीज." माझ्या बायकोनं, मंदानं, माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात कठीण शब्दांचे अर्थ मी सांगायचो. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. या वेळी मला सांगता आला नाही. डॉक्टरांनीच सांगितला. फुफ्फुसातली नाजूक जाळी आखडून कडक होत जाते. श्वास आत जातो, पण त्यातला प्राणवायू रक्तात उतरत नाही. "हा बरा होत नाही. वेग थोडा कमी करता येतो," ते म्हणाले.

सुरुवात कोरड्या खोकल्यानं झाली होती. तिखट कुटल्याचा ठसका असेल म्हणून आम्ही काढ्यावर काढे केले. मग ती जिन्यात मध्येच थांबू लागली. तुमच्या घरी कोणी दम लागून बोलणं अर्धवट सोडत असेल, तर खोकल्याच्या औषधावर थांबू नका.

पुढे तपासण्या झाल्या. एचआरसीटी म्हणजे छातीचा बारकाईनं काढलेला स्कॅन. वॉक टेस्टमध्ये बोटाला ऑक्सिमीटर लावून व्हरांड्यात चालायला लावतात आणि रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो ते बघतात. मंदा भिंतीला हात लावून चालली. तंत्रज्ञ म्हणाला, "बस, काकू." तिला वाटलं, चाचणी संपली. ती अर्ध्यावरच थांबवली होती.

काही महिन्यांनी तिला बुलडाण्याच्या एका रुग्णालयात दाखल केलं. शेजारच्या खाटेवर कौसाबाई होत्या. चुलीच्या धुरानं त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा जुनाट दम्यासारखा आजार झाला होता. सोबत मुलगा, सुभाष.

"तू कोन्या गावची वं?" त्यांनी मंदाला विचारलं.

"राहाले मेहकरले. माहेर रोहिणखेड."

म्हातारी उठून बसली. "आमचंच गाव! कोनाची तू?"

मंदानं वडिलांचं नाव सांगितलं. "पन आता तिथं कोनी नाई मावशी. भाऊही गेला. घराले कुलूप हाय."

"कोनी नाई? काऊन, आमी मेलो का?"

त्या क्षणापासून मंदा गावची लेक झाली आणि मी गावाचा जावई. "सुभाष, जवायाले खुर्ची दे. जवाई स्टुलावर बसते का बे?"

"दवाखान्यात सारेच स्टुलावर बसतात, माय."

"मंग तू उभा राय."

मंदा हसली आणि हसण्यानं खोकला उसळला. मी वॉर्डात आलो की कौसाबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढत, तोंडाला वाफेचा मास्क असला तरी.

एकदा मंदा हळूच म्हणाली, "माह्या वक्ताले माहेरचं पातळ कोन आनन?" आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरहून येतं. मी म्हणालो, मी आणीन. "तुमी सासरचे," ती म्हणाली आणि कूस बदलली.

धूर आला तेव्हा दुपार होती. मी खाली रिपोर्ट घ्यायला गेलो होतो. तळमजल्यावरच्या एका खोलीत वायर जळाली होती. रखवालदार "बाहेर, बाहेर" ओरडत होता, पण जिन्यात खाली येणाऱ्यांइतकीच माणसं वर निघाली होती. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात औषधांची पिशवी. एकजण नुसतं "माय वर हाय, माय वर हाय" म्हणत होता. मीही वरच चाललो होतो.

आग भडकू नये म्हणून वॉर्डात भिंतीतला ऑक्सिजन बंद केला होता. सिस्टर मंदाची नळी लहान सिलिंडरला जोडत होत्या. खाटेची दांडी धरून कौसाबाई उभ्या.

"आजी, तुम्हाला चालता येतं ना? निघा!" सिस्टर ओरडल्या.

"गावची लेक मांगं टाकून कोन्या तोंडानं जाऊ?"

"जा न मावशी," मंदा मास्कमधून म्हणाली.

"तू चूप राय. दम वाचव."

सुभाष आईला उचलायला वाकला. तिनं त्याच्या हातावर फटका मारला. "मले पाय हायेत. तिले घे."

सुभाषनं मंदाला पाठीवर घेतलं. मी सिलिंडर उचलला. नळी आखूड होती. तिला हिसका बसू नये म्हणून मला सुभाषला लागूनच उतरावं लागत होतं. मागून कोणीतरी माझा शर्ट घट्ट धरला. मी वळून पाहिलं. कौसाबाई होत्या. त्यांचा पदर डोक्यावर नव्हता, नाकाला लावलेला होता. त्यांना दम लागला की आम्ही सगळेच थांबत होतो.

खाली लिंबाखाली सगळे भेटले. त्या दिवशी कोणी दगावलं नाही. पण मंदाचा ऑक्सिजन फार उतरला होता. तिला दुसरीकडे आयसीयूत हलवलं. डॉक्टर म्हणाले, "धुरानं नुकसान झालंय. किती, ते सांगता येणार नाही." मग म्हणाले, "आगीच्या सरावात आम्ही धरून चालतो, की ज्याला चालता येतं तो निघेल. निघत नाही कोणी. माणसं आधी आपलं माणूस शोधतात."

म्हातारीच्या हट्टात वेळ गेला, असं आमच्या एका नातेवाइकानं नंतर सुनावलं. गेला असेल. पण ती निघाली असती तर सुभाषही तिच्याबरोबर गेला असता, आणि मंदाला पाठीवर घेणं माझ्या अंगात नव्हतं. हा हिशेब मी पुष्कळदा मांडतो. तो कुठेच पोचत नाही.

तुम्ही कोणासोबत वॉर्डात राहात असाल, तर जिना कुठं आहे ते आधी पाहून ठेवा. लहान सिलिंडर कुठे ठेवतात ते विचारा. आणि शेजारच्या खाटेवाल्यांशी निवांतपणी ठरवा, कोण कोणाला उचलणार. त्यांना टाकून तुम्ही जाणार नाही, आणि तुमच्या माणसाला टाकून तर नाहीच.

मंदा त्या हिवाळ्यात घरीच वारली. सुभाषला मी फोन केला होता. दुपार कलली, तशी माणसं घाई करू लागली. बाजारातून लुगडं आणून ठेवू, असं कोणीतरी सुचवलं. मी नको म्हणालो.

मग कौसाबाई आल्या. ओट्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत, सुभाषचा हात धरून. पिशवीतून हिरवं पातळ काढलं आणि मंदाच्या अंगावर पांघरलं. दोन्ही काठ हातानं सारखे केले. "आली वं मी, मंदे," एवढंच म्हणाल्या.

मी भिंतीशी उभा होतो. त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी पदर पुढे ओढला आणि माझ्याकडे न बघता सुभाषला म्हणाल्या, "जवायाले खुर्ची दे."