तनीच्या वेळची कॉफी

तंजावूरच्या माणसांना गाणं कळतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कळतंच. पण त्याच माणसांना कॉफी नेमकी कधी आठवते ते विचारा! कच्चेरी, म्हणजे गाण्याची मैफल, रंगात येते, गाणारी थांबते, मृदंगवाल्याकडे बघून मान हलवते आणि त्याचं एकट्याचं वाजवणं सुरू होतं. ह्याला आमच्याकडे तनी म्हणतात. तनी सुरू झाली रे झाली की अर्धी सभा उठते. कमरेची वेष्टी सावरत, चपला शोधत, सगळे कॅन्टीनकडे. आमचे हे मृदंग वाजवतात. म्हणजे ह्यांचा सगळा जन्म लोकांच्या पाठी बघण्यात गेला. मी असं म्हटलं की हे हसतात. मला नाही येत हसू. मी दर वेळी पहिल्या दोन-तीन रांगांत बसून उठणाऱ्यांकडे असे डोळे वटारते की एखाददुसरा ओशाळून परत बसतो सुद्धा.

ह्यांच्या गुरूंनी ह्यांना एक कोर्वै शिकवली होती. कोर्वै म्हणजे तनीच्या शेवटी तीनदा वाजवून समेवर आणायची रचना. ही फार लांब आणि फार अवघड. गुरू गेले, पण ती कोर्वै आमच्या घरात रोज वाजत राहिली. मला ती तोंडपाठ आहे. कच्चेरीत मात्र ती कधी वाजली नाही. लोक उठायला लागले की गाणारे हळूच मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात, आणि साथीदार माणसाने काय ते समजायचं असतं. हे समजायचे. दोन मिनिटांत आटपायचे. घरी येऊन म्हणायचे, "पुढच्या वेळी."

मग ह्यांची बोटं सुजायला लागली. सांधे धरले. सकाळी उजव्या हाताची अनामिका सरळ करायला गरम पाण्याची वाटी लागायची. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं, आणि एक दिवस मृदंगाच्या डाव्या तोंडावर आवाजासाठी थापायचा रवा मी भिजवत असताना हे म्हणाले, "राजवाड्यातली एवढी एक कच्चेरी झाली की पुरे. मग थांबतो." मी रवा मळत राहिले. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करता करता आता ही एकच वेळ उरली होती.

राजवाड्यातला तो कार्यक्रम जरा वेगळाच होता. आधी कोरियाहून आलेल्या दोघांचं पारंपरिक वादन, मग आपली कच्चेरी. राजवाडा आमच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे मराठा राजांच्या काळापासून इथे राहणारी आमची सगळी मराठी मंडळी आली होती. घरी मराठी, रस्त्यात तमिळ आणि आज समोर कोरियन, अशी सगळ्यांची गंमत चाललेली.

पहिल्यांदा एक बाई बसल्या. घेरदार पोशाख, गुडघ्यावर टेकवलेलं लांबलचक बारा तारांचं वाद्य. त्याला गायागुम म्हणतात. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हाताने ती दाबून सूर हलवायचा. पहिलाच सूर असा हलला की माझ्या शेजारची वीणा शिकवणारी बाई "अय्यो, हे तर गमक!" म्हणून माझ्या मांडीवरच थाप मारून मोकळी झाली. साथीला एक वयस्क गृहस्थ, मधे चिमटलेला मोठा ढोल घेऊन. एका बाजूला पातळ काठी, दुसऱ्या बाजूला तळहात. आमची सभा सवयीने लगेच मांडीवर ताल धरायला लागली. आठ मात्रांचा आपला नेहमीचा ताल धरला आणि सगळ्यांचे हात भलत्याच ठिकाणी पडले! एकमेकांकडे चोरून बघणं, पुन्हा मोजणं. पण थांबेल तर तंजावूर कसलं.

वाजवण्याच्या मधेच ते गृहस्थ मोठ्याने ओरडत होते, "ओल्सु!" आम्ही दचकलो. चेन्नैहून आलेली दुभाषी मुलगी नंतर म्हणाली, "हे गृहस्थ सांगताहेत की आमच्याकडे ऐकणाऱ्याने गप्प बसायचं नसतं. वाजवणारा जिथे कठीण जागी येतो तिथे ऐकणाऱ्याने आवाज देऊन त्याला पुढे न्यायचं असतं. तुम्हीही द्या." लोक हसले. आवाज कुणीच दिला नाही. आपण मान डोलावणारी माणसं.

मग आपली कच्चेरी. गाणाऱ्या बाई तिरुवैयारुच्या, गळा गोड. ते दोघे कोरियन पाहुणे सतरंजीवर पुढेच येऊन बसले. आणि तनीची वेळ आली. बाईंनी मान हलवली, ह्यांनी पहिली थाप दिली, आणि माझ्या मागे चपलांचा आवाज सुरू झाला. कर्म माझं! आजच्या दिवशी तरी!

त्या कोरियन गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. उठलेली रांगच्या रांग बघून ते पार घाबरले. बिचाऱ्यांना वाटलं, काही आग-बिग लागली की काय. त्यांनी त्या दुभाषी मुलीला विचारलं, तिने कानात बहुतेक कॉफीचंच सांगितलं. त्या गृहस्थांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्याच ढोलावर पाय दिला. ह्यांनी एक अवघड फेरी संपवली, क्षणभर हात थांबला, आणि त्या शांततेत ते गृहस्थ गरजले, "ओल्सु!"

दारापर्यंत गेलेले लोक थबकले. ह्यांनी दचकून वर पाहिलं आणि पुढची फेरी दुप्पट जोरात उचलली. पुन्हा "ओल्सु!" आता ती गायागुमवाली बाईही ओरडली. एकेक जण परत येऊन जागेवर बसला. गाणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, मनगट पदराखाली घेतलं. देव त्यांचं भलं करो.

आणि ह्यांनी गुरूंची कोर्वै सुरू केली. मला पहिल्या अक्षरातच, म्हणजे पहिल्या बोलातच, कळलं. पहिली फेरी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसऱ्या फेरीत, अगदी शेवटच्या वळणावर, अनामिका पडली नाही. एक अक्षर गेलं. दुसऱ्या कुणाला कळलं असेल नसेल. मी ह्यांचा उजवा हात वर उचललेला पाहिला आणि काही विचार करायच्या आत माझ्या तोंडून घरातल्या मराठीत, सगळ्या सभेला ऐकू जाईल असं निघालं, "अहो, येऊ द्या!"

आमच्या घरची बाई सभेत अशी कधी ओरडली नव्हती. पण त्या आवाजावर हात खाली आला, अक्षरं जागेवर पडली, आणि हे समेवर आले. टाळ्या किती वेळ चालल्या मला ठाऊक नाही, कारण मी रडत होते. ते कोरियन गृहस्थ कपाळ जमिनीला टेकवून ह्यांना नमस्कार करत होते. त्यांची भाषा मला येत नाही, त्यांचं गाव मी बघणार नाही. पण त्या माणसाचे उपकार मी विसरायची नाही. मी जाऊन वाकून नमस्कार केला. त्यांनीही केला.

घरी चालत निघालो. गल्लीच्या तोंडाशी हे म्हणाले, "शेवटी बोट गेलं माझं."

"माहीत आहे."

"हात उचलला होता मी. थांबणारच होतो." मग म्हणाले, "तू ओरडलीस म्हणून पुढे गेलो."

लग्नापासून रस्त्यात आम्ही कधी हात धरला नव्हता. मी ह्यांचा तो सुजलेला हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.