केबलचोराचे आईबाप

ती घटना आठवली की आजही माझा पारा चढतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, बायको म्हणते आता जुनं उगाळत बसू नका. पण परवा टपरीवर पुन्हा तीच चर्चा कानावर आली. शिक्षा कडक नाहीत, कायदा पोरांना पाठीशी घालतो, आईबापांना कशाचं काही नाही. अर्धा कप चहा तसाच ठेवून मी उठलो. हे सगळं मी एका माणसाच्या तोंडून फार पूर्वी ऐकलं होतं, आणि पुढे त्या माणसानं काय केलं तेही पाहिलं होतं.

तेव्हा माझ्याकडे जुन्नर तालुक्यातलं एक पोलीस ठाणं होतं. गाव डिंगोऱ्याच्या बाजूचं, एवढंच सांगतो. आमच्या भागात नदीकाठी मोटार बसवायची आणि तिथपर्यंत केबल ओढायची, ही रीत. केबलमध्ये तांबं असतं. चोर ती कापतात, ओढ्यात नेऊन जाळतात आणि तांबं विकतात. अशा फिर्यादी इतक्या यायच्या की आमचा ठाणे अंमलदार मान वर न करता विचारायचा, "किती फूट गेली?" मीही त्याला कधी टोकलं नाही. केबलचोरी म्हणजे किरकोळ काम, असंच आम्ही धरून चाललो होतो.

त्या दिवशी वर्दी आली ती सरकारी दवाखान्यातून. गावातली एक ताई, वय तिशीच्या आत, नवरा चाकणला कंपनीत, शेती हीच बघायची. टोमॅटो फुलावर आलेले. तिनंही सगळ्यांसारखं मोटारीला ऑटो लावलं होतं, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू. कुणी स्टार्टरच्या पेटीपाशी जाऊन बटण दाबायला नको. रात्री चोरानं केबल कापली, तेव्हा लाईट नव्हती. सकाळी दहाला लाईट आली, ऑटोनं आपलं काम केलं आणि केबलच्या कापलेल्या टोकात करंट उतरला. मोटारीचा आवाज येत नाही म्हणजे लाईट आलीच नाही, असं समजून ताई बघायला गेली. गवतात पडलेलं टोक तिनं उजव्या हातानं उचललं. जीव वाचला, पण हात कोपरापासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर गाव लोटलं. पुढे होते तंटे मिटवणाऱ्या समितीचे अध्यक्ष. पांढरा सदरा, हातात निवेदन. माणूस वजनदार, बोलणं रोखठोक. मला म्हणाले, "साहेब, आजकाल चोऱ्या करणारी पोरं सोळा-सतराची आसत्यात, त्यांना कायदा हात लावत न्हाई. मग पोरांना सोडा, पण आईबापाला आधी आत टाका. पोरगं काय करतंय ते घरात कळत न्हाई व्हय?" टाळ्या पडल्या. खरं सांगतो, मलाही बोलणं पटलं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती न सांगता ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. गर्दीतून एकच आवाज येत होता, की ऊसतोडीची टोळी उतरली आहे, त्यांच्याशिवाय हे काम कुणाचं असणार. पुरावा काय, तर ते बाहेरचे. मी त्यांच्यातले दोघे उचलून आणले आणि दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवले. एकाची बायको फाटकापाशी पोरगं मांडीवर घेऊन बसून होती. दोघांचं उत्तर एकच, आम्ही फडातून हाललोच नाही. मुकादम येऊन तेच सांगून गेला. तरी मी सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर गावानं मला सोडलं नसतं.

संध्याकाळच्या सुमाराला जुन्नरच्या बाजारपेठेतून फोन आला. मोटार वाइंडिंगचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री, सगळा तालुका त्यांना चाचा म्हणतो. जळकं तांबं घेऊन एक पोरगं दुकानात आलं होतं. चाचांनी पोतं उघडून बघितलं आणि काटा बिघडलाय, पोतं ठेवून जा, नीट झाला की फोन करतो, असं सांगून त्याचा नंबर मागितला. पोरानं दिला. चोरी करताना तोंडाला रुमाल बांधणारी ही पोरं माल विकताना स्वतःचा मोबाईल नंबर लिहून देतात. काय म्हणावं यांना?

मी दुकानात गेलो. चाचांनी तांब्याची एक तार माझ्यापुढे धरली. रबर जळून गेलं होतं, पण मधे एक जोड शाबूत होता. तारेचे धागे मोकळे करून एकमेकांत वेणीसारखे गुंफलेले आणि टोकं मागे वळवलेली.

"साहेब, हा माझ्या हातचा जोड हाय," चाचा म्हणाले. "टोक कुणाच्या हातात घुसू नये म्हणून मी मागं वळवतो. दिवाळीच्या आधी त्या ताईच्या केबलला मारून दिला व्हता." एवढं बोलून त्यांनी तार पोत्यावर ठेवली. हात वाचावा म्हणून घातलेला जोड, आणि हात गेलेल्या बाईची केबल.

पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला. नंबर कुणाचा ते काढलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. नंबर अध्यक्षांच्या मुलाचा होता.

आधी त्या दोन मजुरांना चहा पाजला आणि जा म्हणालो. ते गेले.

मुलगा सज्ञान नसेल तर त्याला ठाण्यात आणून दरडावता येत नाही. साध्या कपड्यांत, आईबापासमोर विचारावं लागतं. दुसऱ्या सकाळी मी साधा शर्ट घालून त्यांच्या घरी गेलो. पोरगं बारावीचं, हातात नवा मोबाईल. मी प्रश्न पोराला विचारायचो आणि उत्तर अध्यक्ष द्यायचे. तो घरीच व्हता. अभ्यास करत व्हता. नंबर काय, कुणीबी कुणाचा देतं. मोबाईल कुठून आला विचारलं, तर म्हणाले, मित्राचा आसंल. स्वतःच्या घरातल्या वस्तूबद्दल बाप 'असेल' म्हणतो. मी चौतीस वर्षं नोकरी केली, असल्या 'असेल'वर किती घरं चालतात ते पाहिलं आहे.

शेवटी वैतागून मी म्हणालो, अध्यक्ष, मुलाचा जन्माचा दाखला आणा, वय लिहायचं आहे. ते आतल्या खोलीत गेले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई पुढे आली.

"त्याच्या पँटीला काजळी व्हती, साहेब," ती म्हणाली. "रबर जळल्याचा वास येत व्हता. मीच धुतली. इचारलं न्हाई." मग पोराकडे वळली. "सांग आता. त्या बाईचा हात गेला. सांग."

पोरगं रडायला लागलं आणि सगळं बोललं. कटर म्हशीच्या गोठ्यामागे पुरला होता, तोही त्यानं दाखवला. ताईला करंट बसल्याचं कळल्यापासून तो जेवला नव्हता, असं आई म्हणाली. हेही घरात दिसतच होतं.

अध्यक्ष दाखला घेऊन आले. कटर पाहिला, पोराचं तोंड पाहिलं, काय झालं ते त्यांना कळलं. बाईचा हात गेला त्याबद्दल ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी दाखला माझ्यापुढे धरला.

"आधी वय बघा, साहेब. अठराला चार म्हैने कमी हायत."

डोक्यात तिडीक गेली. कालच माझ्या दारात उभं राहून आईबापाला आत टाका म्हणणारा हा माणूस. दाखला घेतला आणि वय लिहून टाकलं. बोललो असतो तर निलंबित झालो असतो.

पुढचं तुम्हीच ओळखाल. ठाण्यासमोर टाळ्या वाजवणारी मंडळी आठवडाभरात एकेक करून मला भेटून गेली. लेकरू हाय, वर्ष वाया जाईल, संगत वाईट लागली, सांभाळून घ्या राव. ऊसतोडीवाल्यांसाठी मात्र कुणी आलं नव्हतं. बाल न्याय मंडळानं काही महिने समुपदेशन आणि समाजसेवेचा आदेश दिला, तेव्हा हीच माणसं म्हणाली, कायदा लई मऊ हाय. शिक्षा कमी होती का? माझ्या मते होती. पण ती कमी पडली म्हणून रागावणारी हीच माणसं त्याच पोरासाठी माझ्याकडे रदबदली करून गेली होती.

निकाल सांगायला मी ताईकडे गेलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मला त्यो आत जाऊन काय मिळणार?" ती म्हणाली. "त्याच्या बापानं एकदा माझ्या दारात यावं आणि म्हणावं, माझ्या पोरानं केलं. बास." मी तो निरोप अध्यक्षांना पोचवला. बघतो म्हणाले.

गेल्या वर्षी त्याच गावच्या शाळेत कार्यक्रमाला मला पाहुणा म्हणून बोलावलं. व्यासपीठावर अध्यक्ष होते. पालकांनी मुलांवर लक्ष ठेवलं पाहिजे आणि गुन्हेगारांना कडक शिक्षा झाली पाहिजे, यावर ते चांगली वीस मिनिटं बोलले. जेवण न घेता मी निघालो आणि ताईचं घर वाटेत होतं म्हणून थांबलो.

ओसरीवर एक तरुण स्टार्टरची पेटी उघडून बसला होता. मला बघून उभा राहिला आणि मान खाली घातली. मग मी ओळखलं, अध्यक्षांचं पोरगं. मंडळानं लावलेल्या समाजसेवेची मुदत संपल्यावरही तो येतच राहिला, असं ताई म्हणाली. ऑटो काढून टाकलंय, लाईट आली की हाच जाऊन मोटार चालू करतो. सुरुवातीला त्याची आई हात धरून घेऊन यायची.

ताईनं डाव्या हातानं चहा पुढे ठेवला.

"पोरगं आलं, त्याची आई आली," ती म्हणाली. "बाप अजून यायचाय, साहेब."

मी चहा संपवला आणि गाडीवर बसलो. रस्ताभर अध्यक्षांना शिव्या घालत चाललो होतो. मग त्या बाकावरचे दोघे आठवले, आणि फाटकापाशी बसलेली ती बाई. स्टेशन डायरीत त्यांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'चौकशीअंती सोडून दिले.' माझं चुकलं, हे मी त्यांना तेव्हा म्हणालो नाही. ते कुठल्या गावचे, तेही डायरीत आहे. त्यांच्या दारात मीही अजून गेलेलो नाही.